आधी डबा हुंगा, मग मशीन लावा

मागच्या अंकात मी बोलता बोलता लिहून गेलो की माझ्याकडे सोळा एमएम आणि सुपर एटवर, म्हणजे थेटरातल्या पस्तीस एमएमपेक्षा बारीक पट्टीच्या फिल्मवर, भुताखेतांच्या पिक्चरच्या थोड्याफार प्रिंट आहेत, आणि कोणाच्या माळ्यावर असले डबे पडलेले असतील तर कळवा. झालं. पंधरा दिवसांत एवढी पत्रं आणि मेसेज आले की बायको म्हणाली आता या घरात एकतर भुतं राहतील नाहीतर मी. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाय, त्यामुळे ज्यांचे प्रश्न इतरांच्याही कामाचे आहेत तेवढे घेतलेत. नाव छापू नका असं बहुतेकांनी सांगितलं म्हणून खाली नुसती गावं.

प्रश्न : काका नमस्कार. आमच्या चुलत आजोबांचा मुंबईत सोळा एमएमचं मशीन आणि पिक्चर भाड्याने द्यायचा धंदा होता, गणपतीत, पूजेला चाळीचाळीतून खेळ लावायचे. ते गेल्यावर सामान गावी आलं आणि माळ्यावर चढलं ते तीस वर्षं तिथेच. आता घराची कौलं उतरवली तेव्हा नऊ डबे आणि मशीन सापडलंय. डबे गंजलेत, दोन उघडले, एकातून डोळ्यात पाणी येईल असा आंबट वास आला. एका डब्यावर इंग्रजीत ‘फँटम’ लिहिलंय. मशीन चालू होतंय, बल्बपण लागतो. शनिवारी सगळे चुलते जमणार आहेत तेव्हा लावून बघायचा विचार आहे, फिल्म कशी भरायची तेवढं सांगा. (गुहागर)

उत्तर : लावू नका. शनिवारी कोंबडीवडे करा, पत्ते खेळा, पण फिल्म मशीनला लावू नका. तुम्ही लिहिलेल्या सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ‘फँटम’ नाही, तो आंबट वास आहे.

सोळा एमएमची फिल्म कोडॅकने १९२३ साली आणली ती घरात वापरायला म्हणून, त्यामुळे तिचा पाया पहिल्यापासून ‘सेफ्टी’ म्हणजे ॲसिटेटचा. थेटरातल्या जुन्या नायट्रेटच्या फिल्मसारखी ही भडकत नाही. पण ॲसिटेटला दमट आणि गरम हवा मिळाली की त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटायला लागतं, म्हणजे आपला शिर्काच, आणि ते ॲसिड पुन्हा उरलेल्या फिल्मला खातं, मग आणखी ॲसिड. विरजणासारखं आहे हे, एकदा लागलं की थांबत नाही, फक्त थंडाव्याने हळू होतं. आणि विरजण जसं दुसऱ्या भांड्यातल्या दुधाला लावता येतं तसं या डब्याची वाफ शेजारच्या चांगल्या डब्यांना लागते. वर लोखंडी डबा गंजलेला, तो गंज या सगळ्याला आणखी हातभार लावतो. कौलाखालचा माळा मे महिन्यात भट्टी आणि जुलैमध्ये न्हाणीघर, तिथे तीस वर्षं. म्हणजे काय झालं असेल ते मला इथे बसून दिसतंय.

तर आज काय करायचं. नऊचे नऊ डबे पडवीत आणा, उन्हात नको, सावलीत वाऱ्यावर. एकेक उघडा आणि हुंगा. हसू नका, हीच पहिली तपासणी आहे, अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूटने यासाठी कागदाच्या पट्ट्या काढल्यात, डब्यात ठेवल्या की ॲसिड असेल तसा निळा रंग हिरवा आणि मग पिवळा होतो, पण तुमच्या घरात नऊ नाकं असतील तर आजच्यापुरतं भागेल. आंबट वासाचे एकीकडे, बिनवासाचे दुसरीकडे, आणि दोन्ही वेगवेगळ्या खोलीत. मग फिल्म बघा: कडा लाटेसारख्या वर-खाली झाल्यात का, रीळ गोल न दिसता षटकोनी दिसतंय का, पांढरी पूड पडते का. पूड पडत असेल तर ती गोष्ट आता स्कॅनिंगवाल्याच्या हातात, तुमच्या-माझ्या नाही.

वास नसलेल्यांपैकी एकेक घ्या, हातात सुती मोजे घाला, आणि हाताने एका स्पुलावरून दुसऱ्यावर सावकाश गुंडाळा. दोन्ही कडा मोज्याच्या दोन बोटांत धरायच्या, भोक फाटलेलं असेल तर मोजा अडकतो, जोड सुटत असेल तर कळतं. आकसलीय का ते बघायला ताज्या फिल्मचा एक तुकडा शेजारी ठेवा आणि शंभर खिडक्या, म्हणजे फिल्मवरची एकेक चित्रं, मोजा, शंभराव्या खिडकीला अख्ख्या एका खिडकीचा फरक दिसला तर एक टक्का आकसली, मग ती मशीनला देऊच नका. मशीनची फिल्म ओढणारी नखं भोकं मोजून येत नाहीत, ती ठरलेल्या अंतरावर येणार, भोक तिथे नसलं तर नवीन पाडणार. मी हे कसं सांगतोय, तर वयाच्या बावीसाव्या वर्षी एका लग्नघरी शायनिंग मारायला न तपासलेलं रीळ लावलं होतं. पहिली पाच मिनिटं ठीक गेली, मग टरटर असा आवाज, मला वाटलं मशीनचा पट्टा असेल म्हणून मी पट्टा बघत बसलो, आणि तेवढ्यात चाळीसेक फूट फिल्मच्या कडेचा करवतीने कापल्यासारखा भुगा. ते दृश्य आता माझ्याकडे नाही, आणि ती प्रिंट दुसऱ्या कोणाकडे मी अजून पाहिली नाही.

आता ‘फँटम’. याच्यावर तुमचे चुलते शनिवारभर वाद घालणार हे मला माहितेय. हा कॉमिकमधला फँटम असू शकतो, म्हणजे मराठीत ज्याला आपण वेताळ म्हणून वाचला तो, त्याची कोलंबियाने १९४३ साली सिरियल काढली होती. गावच्या वेताळाला कळलं तर तो हसेल. किंवा हा लॉन चेनीचा ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ असेल, १९२५चा मूकपट, आणि तसं असेल तर मात्र मी एसटी पकडून येतो. कारण काय ते ऐका. युनिव्हर्सलने हा पिक्चर बोलपट आल्यावर पुन्हा कापून, थोडा नवीन शूट करून परत सोडला, आणि पस्तीस एमएमवर चांगली म्हणून जी प्रिंट उरली ती या नंतरच्या कापलेल्या रूपाची. १९२५ला लोकांनी थेटरात जे पाहिलं ते आज आपण बघू शकतो ते फक्त लोकांना घरी दाखवायला काढलेल्या सोळा एमएम प्रिंटमुळे. स्टुडिओच्या तिजोरीत जे राहिलं नाही ते कोणाच्यातरी दिवाणखान्याच्या कपाटात राहिलं.

पण उड्या मारू नका. पहिल्या दहा फुटांचा मोबाईलवर फोटो काढा, मागे पांढरा कागद आणि उजेड, आणि कडेला छापलेली चिन्हं नीट दिसू देत. कोडॅकच्या फिल्मवर कडेला गोल, चौकोन, त्रिकोण अशी खूण असते, ती फिल्म बनवल्याच्या वर्षाची. एक गोल म्हणजे १९३६ किंवा १९५६ किंवा १९७६, एक चौकोन म्हणजे त्याच्या पुढचं वर्ष, त्रिकोण त्याच्याही पुढचं, दर वीस वर्षांनी तीच खूण परत येते. ही पिक्चरची तारीख नव्हे, त्या पट्टीची. एवढं पाठवलंत की बाकीचं मी बघतो. आणि मशीन विकू नका, भंगारवाला येऊन बसेल दारात.

प्रश्न : ऑनलाइन एका परदेशी विक्रेत्याकडून सुपर एटची ‘ड्रॅक्युला’ची प्रिंट मागवली, कॅसल फिल्म्सचा डबा, चित्र भारी. कस्टम धरून बरेच पैसे गेले. रीळ तेरा मिनिटांत संपलं, आवाज नाही, मधेमधे इंग्रजी पाट्या. मला फसवलं का? (रत्नागिरी)

उत्तर : नाय हो, तुम्हाला जे विकलं ते तेच होतं, तुम्ही वाचलं नाही. डब्यावर २०० फूट लिहिलेलं असणार. सुपर एटला एका फुटात ७२ खिडक्या, मूकपटाच्या वेगाने, सेकंदाला १८ खिडक्या, चालवलं तर दोनशे फुटांची सव्वातेरा मिनिटं होतात, हिशेब अगदी बरोबर आलाय. अख्खा पिक्चर सव्वा तासाचा आहे.

युजीन कॅसल नावाच्या माणसाने १९२४ साली ही कंपनी काढली, १९४७मध्ये युनिव्हर्सलच्या एका पोटकंपनीने ती घेतली आणि मग युनिव्हर्सलची सगळी भुतं आठ एमएमवर घरोघरी गेली, पण कापून. ५० फुटांची छोटी आणि २०० फुटांची मोठी. त्या काळी व्हिडिओ नव्हता, व्हीएचएस जपानात निघालं तेच १९७६ला, त्यामुळे अमेरिकेतल्या पोरांनी खाऊचे पैसे साठवून विकत घेतलेला ड्रॅक्युला हा तेरा मिनिटांचाच. आणि मला विचाराल तर त्या कापाकापीतही एक कारागिरी आहे. गप्पा, चहापाणी, प्रेमप्रकरण सगळं उडवून फक्त शवपेटी, डोळे, जिना, किंकाळी (मुकी). आमची आजी देवचाराची गोष्ट सांगायची तशी, आंब्याच्या झाडापासून सुरू आणि ओहोळापाशी खलास, मधे कोणाच्या शेतात काय पिकलं ते नाही.

फसवणूक म्हणजे काय ते माझ्याकडून ऐका. मुंबईत एका जुन्या बाजारात मी फ्रँकेनस्टाईनचा डबा घेतला, डब्याचा रंग बघून एवढा हरखलो की उघडूनही पाहिला नाही. घरी आणून लावला तर कोणातरी गोऱ्या साहेबाच्या बाळाचं बारसं. केक, टोप्या, एक म्हातारी कॅमेऱ्याकडे बघून हात हलवते. पोरं अजून विचारतात बाबा तो राक्षस कधी येतो. तेव्हापासून मी डबा विकत घेत नाही, फिल्म विकत घेतो. विक्रेत्याकडून सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या खिडक्यांचे उजेडावर धरलेले फोटो मागा, किती फूट ते विचारा, आवाज आहे का, असेल तर चुंबकीय पट्टीचा का, आणि भोक कुठे आहे ते बघा. आठ एमएमचे दोन प्रकार आहेत, १९३२चा जुना आणि १९६५चा सुपर. जुन्याचं भोक मोठं आणि दोन खिडक्यांच्या मधल्या रेघेवर, सुपरचं बारीक आणि खिडकीच्या मध्यावर. एकाची फिल्म दुसऱ्याच्या मशीनवर चालत नाही. भोक कडेला नसून पट्टीच्या अगदी मधोमध, दोन चित्रांच्या बरोब्बर मधे दिसलं तर ती साडेनऊ एमएम, १९२२ची पाथेची, ती मिळाली तर जपा, तिचं मशीन शोधण्यात तुमची निम्मी हयात जाईल. आणि ज्या फिल्मला चुंबकीय पट्टी आहे ती जास्त वेळा हुंगत राहा, त्या पट्टीतलं लोह आंबट होण्याला मदत करतं.

प्रश्न : भावोजी, तुमचा लेख वाचून आमच्या ह्यांनी मासळीचा डीप फ्रीझर रिकामा करून त्यात फिल्मचे डबे भरलेत. म्हणतात थंडीत फिल्म टिकते असं तुम्हीच लिहिलंय. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा आम्ही सुरमई आणि बांगडा साठवतो. आता सुरमई कुठे ठेवू ते तुम्हीच सांगा. (वेंगुर्ला)

उत्तर : वहिनी, चूक माझी आहे, अर्धवट लिहिलं की असं होतं. थंडीत टिकते हे खरं, पण सुरमईच्या शेजारी नव्हे. आणि तुमच्या ह्यांनी नुसते डबे आत सरकवले असतील तर ते पहिल्याच वेळी दार उघडल्यावर पस्तावणार आहेत. मी पस्तावलो आहे. चार वर्षांपूर्वी ऐन श्रावणात गोठलेला डबा बाहेर काढला आणि हौसेने लगेच उघडला, दोन मिनिटांत फिल्मवर दव, थंड बाटलीवर येतं तसं, आणि जिलेटिन, म्हणजे फिल्मवरचा चित्राचा थर, ओलं झालं की पदर पदराला चिकटतो. त्या वेळी नेमकी मावशी आली होती, ती नाकाला पदर लावून म्हणाली, "ह्या काय हाडलंस मेल्या, लोणच्याची बरणी फुटली काय?" कारण तो डबा आधीच आंबलेला होता, म्हणूनच तर मी तो फ्रीझरमध्ये टाकला होता.

त्यांना सांगा: आधी कोरड्या दिवशी, मार्चमध्ये वगैरे, जुलैत नव्हे, फिल्म पिशवीत घालायची, हवा दाबून काढायची, पिशवी सील करायची, तिच्यावर दुसरी पिशवी, दोन्हींच्या मधे सिलिका जेल. मग फ्रीझर. काढायची तेव्हा पिशवी न उघडता अख्खा दिवस बाहेर ठेवायची, घरातल्या हवेएवढी झाली की मगच उघडायची. आणि वीज? आपल्याकडे वादळात तीन-तीन दिवस लाईट जाते, तेव्हा सुरमईचं कालवण करून टाकता येतं, फिल्मचं नाही. म्हणून माझं मत असं की फ्रीझर फक्त आंबलेल्या डब्यांसाठी, तोही छोटा, वेगळा. चांगल्या डब्यांना लोखंडाऐवजी प्लास्टिकचा श्वास घेणारा डबा, आणि घरातल्या मधल्या खोलीतलं कपाट पुरतं, चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला चिकटवून नको, जमिनीपासून दीड हात वर. फिल्मला हवेतली आर्द्रता तीस ते पन्नास टक्के लागते, आपल्याकडे पावसात ती नव्वदीला टेकते, म्हणून कपाटात एक वीस-तीस रुपयांचा नव्हे जरा बरा आर्द्रतामापक ठेवा आणि सिलिका जेल दर पंधरवड्याला तापवून परत घाला. डांबरगोळ्या अजिबात नको. माळा नको, तळघर नको, देवघराशेजारी धूप जळतो तिथेही नको.

बुरशी आलीच, पांढरे कोळ्याच्या जाळ्यासारखे ठिपके, तर पाण्याने पुसायचं नाही, बुरशीने जिलेटिन विरघळेल असं करून ठेवलेलं असतं, पाणी लावलं की चित्रच फडक्यावर येतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ कापड, हलका हात.

सुरमई परत आत ठेवा. माझा नंबर त्यांच्याकडे आहे, मला शिव्या देऊ दे.

प्रश्न : माझ्याकडची ऐंशीच्या दशकातल्या हिंदी हॉरर पिक्चरची सोळा एमएम प्रिंट पूर्ण लाल झालीय. केमिकलने रंग परत येतो का? (अलिबाग)

उत्तर : नाही. पोस्टरवर मोठ्या अक्षरात ‘ईस्टमनकलर’ लिहायचे ना, त्या प्रिंटमधला निळसर रंग आधी उडतो, मग पिवळा, आणि किरमिजी तेवढा उरतो. रक्त, गवत, हिरॉईनची साडी सगळं एका रंगाचं. स्कॅन करून कॉम्प्युटरवर थोडंफार ओढून आणता येतं, फिल्मवर नाही. ज्या प्रिंटवर टेक्निकलरच्या जुन्या पद्धतीने रंग छापलेत त्या आजही ताज्या दिसतात. तुमची लाल झालेली असली तरी फेकू नका, आवाज आणि कापाकापी मूळची आहे. शिवाय भुताच्या पिक्चरला लाल रंग इतका काही वाईट दिसत नाही, प्रेमकथेची दया येते.

प्रश्न : आमच्या वाडीतल्या मंडळाने ठरवलंय की गणपतीत एक रात्र जुन्या पद्धतीने पडद्यावर भुताचा पिक्चर लावायचा, खरं मशीन, खरं रीळ. तुमचं मशीन आणि प्रिंट मिळेल का, आणि काही परवानगी लागते का? (देवगड तालुका)

उत्तर : मशीन मिळेल, मी पण येईन, उकडीचे मोदक तयार ठेवा. परवानगीचं बघा: प्रिंट माझ्या मालकीची असली म्हणजे पिक्चर माझ्या मालकीचा होत नाही, हे गोळा करणाऱ्या निम्म्या लोकांना कळत नाही. अमेरिकेत १९७४ साली रॉडी मॅकडॉवल या नटाच्या घरी एफबीआयने जाऊन त्याच्या प्रिंट उचलल्या होत्या, सिनेमातला माणूस असून. आपल्याकडे पिक्चरचा कॉपीराईट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, म्हणजे १९५० सालच्या पिक्चरचा २०१० संपताना संपला. गाणी आणि कथा यांचे हक्क वेगळे मोजतात, लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, ते विचारून घ्यावं लागतं. सार्वजनिक खेळाला १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागतं, तिकीट नसलं म्हणून हे टळत नाही. पोलीस पाटलांना आणि पोलीस ठाण्यात आधी भेटा, आणि लाऊडस्पीकर रात्री दहाला बंद, त्यामुळे आरती साडेसातला उरका. तुमच्या आरत्या मला माहीत आहेत, एकेक तासाच्या.

बाकी कामाचं: पडद्याला दोन चादरी शिवलेल्या चालतील पण खालून वाळूच्या पिशव्या बांधा, खाडीचा वारा आला की पडद्यावरच्या भुताच्या पोटात बाळ लाथा मारतंय असं दिसतं. व्होल्टेज स्टॅबिलायझर हवाच, माझ्या मशीनचा बल्ब २४ व्होल्ट २५० वॅटचा हॅलोजन आहे आणि तो आता सहज मिळत नाही, बोट लावू नये कोणी. पावसाळी पाखरं उजेडावर येतात म्हणून मशीन मांडवाच्या आत. १६०० फुटांचं रीळ ४४ मिनिटं चालतं, मग बदलायला पाच मिनिटं, त्यात चहा. आणि प्रिंट सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याची, निघाली तर मला आधी सांगा, त्याची वेगळी लेन्स लावली नाही तर सगळे नट माडाएवढे उंच आणि काठीसारखे बारीक दिसतात. एकदा तसंच झालं होतं आणि पोरं म्हणाली भूत भारी होतं.

प्रश्न : मी कॉलेजला आहे, हे गोळा करायला सुरुवात करायचीय. ‘रेअर’ म्हणजे नक्की काय? कुठल्या पिक्चरची प्रिंट घेतली तर पुढे किंमत येईल? (सावंतवाडी)

उत्तर : किमतीसाठी करायचं असेल तर हापूसची कलमं लाव, पाच-सात वर्षांत फळ येतं.

रेअर पिक्चर असतो असं लोकांना वाटतं, मला वाटतं रेअर प्रिंट असते. उदाहरण घे. ‘नाईट ऑफ द लिव्हिंग डेड’, १९६८, झोंबी पिक्चरांचा मूळपुरुष. वितरकाने ऐनवेळी नाव बदललं आणि नवीन पाटीवर कॉपीराईटची ओळ घालायची राहिली, त्या वेळच्या अमेरिकन कायद्यात तेवढ्याने हक्क गेला. मग ज्याला वाटेल त्याने प्रिंट काढल्या. नाव एवढं मोठं, पण सोळा एमएमवर ढिगाने. उलट बाजूला ‘लंडन आफ्टर मिडनाईट’, १९२७, त्याची शेवटची माहीत असलेली प्रिंट १९६५ साली एमजीएम स्टुडिओच्या गोदामाच्या आगीत गेली. हे गोळा करणारा प्रत्येकजण रात्री झोपताना एकदा तरी तो डबा स्वप्नात उघडतो, मी पण. पण तो मिळेल म्हणून गोळा करणारा माणूस दोन वर्षांत कंटाळतो.

टिकतो तो जो एकाच पिक्चरच्या तीन प्रिंट समोर ठेवून बघतो की हिच्यात हा शॉट का आहे आणि तिच्यात का नाही. २००८ला ब्यूनॉस आयर्समधल्या फिल्म म्युझियममध्ये ‘मेट्रोपोलिस’ या जुन्या मूकपटाची सोळा एमएमची कॉपी निघाली, ओरखडे एवढे की पाऊस पडतोय असं वाटावं, पण त्यात सुमारे पंचवीस मिनिटं अशी होती जी कुठेच नव्हती. डब्यावर नाव सगळ्यांना माहीत असलेलं होतं. कोणीतरी बसून मिनिटं मोजली म्हणून कळलं.

तर तू आधी घड्याळ लावून मिनिटं मोजायला शीक. सुरुवात सुपर एटच्या छोट्या प्रिंटपासून कर, स्वस्त पडतं. प्रिंट पॉलिएस्टरची मिळाली तर सोन्याहून पिवळं, ती आंबत नाही. ओळखायची कशी, तर गुंडाळलेलं रीळ दिव्यासमोर आडवं धरायचं, कडेतून उजेड आरपार दिसला तर पॉलिएस्टर. तिला फिल्म सिमेंटचा, म्हणजे फिल्म चिकटवायच्या द्रावणाचा, जोड बसत नाही, टेपच लावायची. आणि जुनं हिंदी-मराठी काही हाती लागलं, विशेषतः ज्याचं नाव तुला कुठेच सापडत नाही असं, तर स्वतःच्या कपाटात दडवू नकोस. पुण्याचं नॅशनल फिल्म आर्काइव्ह आहे, १९६४ पासूनचं, पी. के. नायरांनी आयुष्य घालून उभं केलेलं, मुंबईत फिल्म हेरिटेज फाउंडेशन आहे. त्यांना कळव. आपल्या हवेत आपण दोघं मिळूनही ती पन्नास वर्षं टिकवू शकणार नाही. पुण्यातसुद्धा २००३ला नायट्रेटच्या गोदामाला आग लागून केवढं गेलं, मग आपलं कपाट काय.

प्रश्न : मी अठ्याहत्तर वर्षांची आहे. लहान असताना आमच्या गावात पडदा लावून सिनेमा दाखवला होता. पुरुष पुढे, आम्ही बायका-पोरं पडद्याच्या मागच्या बाजूला. मोठं जुनं घर होतं, घड्याळात दोनचे टोले पडायचे आणि कोणीतरी बाई झोपाळ्यावर बसून गायची, मग ती दिसेनाशी व्हायची. मी आठवडाभर एकटी परसात गेले नाही. सिनेमाचं नाव मला कधीच कळलं नाही, कारण मागून अक्षरं उलटी दिसत होती आणि मला नुकतंच वाचता येऊ लागलं होतं. तुम्हाला ओळखता येईल का? (दापोली)

उत्तर : आजी, दोनचे टोले, झोपाळा आणि गाणं म्हटल्यावर मला दुसरा सिनेमा सुचत नाही. ‘महल’, १९४९, बॉम्बे टॉकीजचा, कमाल अमरोहींनी दिग्दर्शित केलेला पहिला. झोपाळ्यावरची बाई मधुबाला, तिच्यामागे वेडा होणारा अशोक कुमार, आणि गाणं ‘आएगा आनेवाला’, लताबाईंचं. तेव्हाच्या रेकॉर्डवर गाणारीचं नाव ‘कामिनी’ असं छापलं होतं, म्हणजे सिनेमातल्या पात्राचं. तेव्हा नाव न कळलेल्या तुम्ही एकट्या नव्हता. आणि ती भूत होती की नाही ते मी सांगत नाही, तुम्ही शेवटी झोपला होतात असं मला पत्रावरून वाटतंय.

एक गंमत बघा, तुम्ही मागून पाहिलात म्हणजे तुमच्या आठवणीतला झोपाळा, जिना, घड्याळ सगळं उलट्या बाजूला आहे. टीव्हीवर मधेच लागला असेल आणि ओळखू आला नसेल तर त्याचं हेही एक कारण.

माझ्याकडे याची सोळा एमएम प्रिंट नाही. गुहागरवाले, तुमच्या उरलेल्या सात डब्यांत काय आहे ते अजून तुम्ही पाहिलेलं नाही. सावकाश, मोजे घालून, हुंगून बघा. त्यात निघाला आणि आंबलेला नसला तर मशीन घेऊन मी दापोलीला जाईन, आजींना या वेळी पडद्याच्या पुढे खुर्ची.